जुना डबल बेस वाजता करताना

डबल बेस हे व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत मोठे आणि सर्वांत खालच्या सुरांचे वाद्य. जाझ, ब्लूग्रास आणि रॉकबिली वाजवणारे त्याला अपराइट बेस म्हणतात. उभा केला की साधारण सहा फूट उंच भरतो. तारा चार: ई, ए, डी आणि जी. सर्वांत जाड ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे 41, सर्वांत बारीक जी तारेची 98. व्हायोलिन आणि चेलोच्या तारा षड्ज-पंचमाच्या अंतराने लावतात. बेसच्या तारा षड्ज-मध्यमाच्या अंतराने. तार इतकी लांब असते की पंचमाचे अंतर ठेवले तर डाव्या हाताला साध्या सप्तकासाठीही सतत वरखाली धावावे लागेल. घोडी म्हणजे ब्रिजपासून वरच्या नटपर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी ‘तीन-चतुर्थांश’ आकाराच्या बेसवर साधारण 104 ते 107 सेंटिमीटर असते. नाव तीन-चतुर्थांश असले तरी आज प्रौढ वादकांचा नेहमीचा आकार हाच. पूर्ण आकाराचे बेस फार कमी दिसतात.

नव्याने शिकणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, कारखान्यातून नुकताच आलेला स्वस्त बेस. दुसरी, साठ-सत्तर वर्षे वाजून आलेला जुना. दुसऱ्या वाटेची ओढ अनेकांना वाटते आणि ती रास्तही आहे, पण जुना बेस विकत घेतला की अर्धीच खरेदी होते. उरलेली अर्धी म्हणजे त्याचा सेटअप: फिंगरबोर्डचा रंधा, नट, घोडी, आतला साउंडपोस्ट, तारांची खालची टोके धरणारा टेलपीस आणि तारा यांची एकमेकांशी घातलेली सांगड. ती बिघडलेली असेल तर उत्तम लाकूडही मुके राहते आणि शिकणाऱ्याचे मनगट दुखावते. ती जमली तर साध्या प्लायवुडचा बेसही खोलीभर घुमतो. म्हणून जुना बेस पाहताना लेबलाकडे शेवटी पाहावे.

अमेरिकेत जुना बेस म्हटले की बहुतेक वेळा समोर येतो तो शिकागोच्या के म्युझिकल इन्स्ट्रुमेंट कंपनीचा. कंपनीची मुळे 1890 मध्ये सुरू झालेल्या ग्रोशेल या मँडोलिनच्या कारखान्यात आहेत. हेन्री के कूर्मायर यांच्या नावावरून 1931 मध्ये तिचे नाव ‘के’ झाले. 1937च्या सुमारास तिने बेस बनवायला घेतले. त्या काळी चांगला बेस म्हणजे कोरीव बेस: स्प्रूसच्या जाड फळ्यांतून कोरून काढलेली तबली, मेपलची पाठ आणि बाजू. त्याला लाकूड भरपूर लागे, कुशल हात लागत आणि किंमत शाळांच्या आणि नाचगाण्याच्या बँडच्या आवाक्याबाहेर जाई. के कंपनीने लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे डकवून साच्यात दाबले आणि तबलीपासून पाठीपर्यंत सगळे अंग प्लायवुडचे केले. क्लीव्हलँडच्या एच. एन. व्हाइट कंपनीचे ‘किंग’ आणि न्यूयॉर्कच्या एपिफोनचे बेसही त्याच जातीचे. गिब्सनची मालक असलेल्या शिकागो म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्सने 1957 मध्ये एपिफोन विकत घेतली, तेव्हा गिब्सनचे टेड मॅकार्टी यांची नजर मुख्यतः तिच्या बेसच्या व्यवसायावर होती. आज ते नाव लोकांना गिटारमुळे माहीत आहे.

प्लायवुडचा बेस म्हणजे कमअस्सल बेस, हा समज अर्धाच खरा आहे. गजाने वाजवताना कोरीव बेसच्या सुरात जी खोली आणि छटा मिळतात त्या प्लायवुडमध्ये सहसा मिळत नाहीत. पण बोटाने छेडल्यावर प्लायवुडचा सूर झटकन उठतो, ठाशीव असतो आणि लवकर मिटतो. तालाला हेच हवे असते. 1954च्या जुलैत मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीचे पहिले गाजलेले गाणे मुद्रित झाले तेव्हा खोलीत ड्रम नव्हता. ठेका बिल ब्लॅकने बेसच्या तारा फिंगरबोर्डवर आपटून धरला होता. बिल ब्लॅकचा बेस पुढे पॉल मॅकार्टनीच्या संग्रहात गेला. शिवाय प्लायवुड गाडीच्या टपावरचा प्रवास, रंगमंचामागची धक्काबुक्की आणि शाळेतली मुले हे सगळे सोसते. कोरीव तबलीला कोरड्या हिवाळ्यात उभी चीर जाते. आडव्या-उभ्या पापुद्र्यांच्या तबलीला ती सहजी जात नाही. त्या काळचे इतके बेस आजही वाजते आहेत ते यामुळेच.

के कंपनीच्या बेसांच्या एम-1, सी-1, एस-1 अशा नावांवरून विक्रेते किंमत बरीच वरखाली करतात. पाच तारांचा एक प्रकारही होता. वुडी हर्मनच्या बँडमधला चबी जॅक्सन याच्या नावाने तो विकला जाई. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने या प्रकारांतला फरक बहुतांशी सजावटीचा, रंगाचा आणि खुंट्यांचा आहे. तबलीवरच्या एफ आकाराच्या छिद्रातून, म्हणजे एफ-होलमधून, दिवा टाकून पाहिले तर आत अनुक्रमांक दिसतो आणि त्यावरून बनावटीच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो. 1951 मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस हा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला आणि बँडवाल्यांची पाठदुखी संपली. अपराइट बेसची मागणी ओसरू लागली. के कंपनी 1960च्या दशकात ज्यूकबॉक्स बनवणाऱ्या सीबर्गकडे आणि मग व्हॅल्कोकडे गेली आणि 1968 मध्ये बंद पडली. बेसचे साचे आणि सामग्री एंगलहार्ट कंपनीने घेतली आणि त्याच धाटणीचे बेस पुढे कित्येक वर्षे बनत राहिले.

खरेदीच्या वेळी पहिली नजर मानेवर जावी. चारही तारांचा एकूण ताण शंभर-सव्वाशे किलोच्या घरात असतो. हा ताण दशकानुदशके मान पुढे ओढत राहतो. मान जिथे धडात बसते तो सांधा सैल झाला की मान हळूहळू वाकते आणि फिंगरबोर्डची दिशा खाली येते. तपासायला सोपे आहे: फिंगरबोर्डवर लांब सरळ पट्टी ठेवायची आणि ती घोडीपर्यंत वाढवली तर तबलीपासून किती उंचीवर येते ते पाहायचे. मान पडलेली असेल तर ती रेषा खूप खाली येते. मग तारा हाताखाली राहाव्यात म्हणून कुणीतरी घोडी कापून ठेंगणी केलेली असते. घोडीची उंची साधारण सहा इंचांच्या आसपास असावी. ती चार-साडेचार इंचांवर आली असेल तर तारांचा तबलीवरचा दाब कमी होतो आणि आवाज दबतो. अशा बेसची मान काढून, सांधा नव्याने बसवून, योग्य कोनात लावावी लागते. हे काम महागडे आहे, पण केल्यावर बेस अक्षरशः दुसरा होतो.

मानेच्या टाचेकडेही बारकाईने पाहावे. बेस पाठीवर पडला किंवा मानेवर आपटला की टाच चिरते. तिथे एखादा स्क्रू किंवा बोल्ट ठोकलेला दिसला, किंवा सांध्यातून पिवळसर, काचेसारखा चमकणारा गोंद बाहेर आलेला दिसला, तर तो बेस घाईने दुरुस्त केलेला आहे असे समजावे. या कुळातली वाद्ये सरसाने जोडतात आणि त्याला कारण आहे. सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो. लाकडावर ताण आला तर जोड आधी उघडतो आणि लाकूड वाचते. उघडलेला जोड पुन्हा सरसाने मिटवता येतो. एपॉक्सी किंवा सुताराचा पांढरा गोंद लावला की पुढच्या कारागिराला लाकूड फोडल्याशिवाय सांधा उघडता येत नाही. वाद्याचे सर्वांत मोठे नुकसान पडण्यापेक्षा चुकीच्या गोंदाने होते.

मग बोटाच्या पेराने बेसच्या सगळ्या कडेवर हलकेच टकटक करत फिरावे. घट्ट जागी आवाज भरीव येतो. जोड उघडा असेल तिथे खुळखुळ ऐकू येते. प्लायवुडचे पापुद्रे सुटले असतील तर तबलीच्या किंवा पाठीच्या मधल्या भागातही असाच फाटका आवाज येतो. उघडे जोड किरकोळ गोष्ट आहे, त्यांच्यावरून किंमत कमी करून घ्यावी. तबलीच्या पोटाखाली, जाड तारांच्या बाजूला, बेसबार नावाची लांब पट्टी चिकटवलेली असते. ती सुटली असेल किंवा घोडीच्या पायाखाली तबली खचली असेल तर मात्र थांबून विचार करावा. फोनचा कॅमेरा एफ-होलमधून आत सरकवला की बहुतेक गोष्टी दिसतात. खुंट्या वाकलेल्या, एंडपिन गंजलेली, टेलपीस तुटलेला, पॉलिश उडालेले, या गोष्टी बदलता येतात. त्यांच्यावरून बेस नाकारू नये.

सेटअपचा क्रम फिंगरबोर्डपासून सुरू होतो. बाकीची सगळी मापे त्याच्यावरूनच निघतात. जुन्या के बेसवर तो अनेकदा शिसवी लाकडाचा असतो; चांगल्या कोरीव बेसवर आबनुसाचा. वर्षानुवर्षे तारा घासून पहिल्या काही सुरांच्या जागी त्यावर चर पडलेले असतात, मधे उंचवटे आलेले असतात. कारागीर तारा काढतो, लांब पोलादी पट्टी फिंगरबोर्डवर उभी धरतो आणि पलीकडे दिवा ठेवतो. पट्टीखालून उजेड कुठे झिरपतो ते पाहून खडूने खुणा करतो आणि रंधा चालवतो. फिंगरबोर्ड पूर्ण सपाट करून चालत नाही. तार कंप पावताना मधे सर्वांत जास्त झुलते, म्हणून लांबीच्या मध्याशी दीड-दोन मिलिमीटरचा हलका खोलगटपणा ठेवावा लागतो, जाड तारांखाली थोडा जास्त, बारीक तारांखाली थोडा कमी. हा खोलगटपणा जास्त झाला तर तारा दाबायला जड जातात, कमी झाला तर खडखडतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीच्या पाठीवर कानशीने जितक्या सबुरीने काम करतो तितकीच सबुरी इथे लागते. फरक एवढाच की तिथे जो झंकार मिळवायचा असतो तोच इथे घालवायचा असतो. फिंगरबोर्ड फार पातळ झाला असेल तर रंधा मारण्यात अर्थ नाही, नवाच बसवावा.

त्यानंतर नट. तारा नटच्या खाचांतून फिंगरबोर्डवर उतरतात तिथे तारेखाली जाड कागदाइतकीच फट असावी. नट उंच असेल तर पहिल्या जागेवर सूर दाबताना बोटांत पेटके येतात, आणि नवशिक्याचे पहिले कित्येक महिने नेमके त्याच जागेवर जातात. या एका दुरुस्तीने शिकणे जितके सोपे होते तितके दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने होत नाही, असे म्हटले तरी चालेल. खाचांचे माप तारेच्या जाडीशी जुळायला हवे. जुन्या बेसवर पूर्वी आतड्याच्या जाड तारा असत. त्यांच्या रुंद खाचांत पोलादाची बारीक तार घातली तर ती हलते आणि झणझणते. अशा वेळी खाच भरून नव्याने कापावी लागते. खाचांत पेन्सिलीचे शिसे घासले की तार अडकत नाही.

घोडी मेपलची असते आणि चिकटवलेली नसते. फक्त तारांच्या दाबाने उभी राहते. दोन्ही एफ-होलच्या आतल्या बाजूला छोट्या खाचा असतात. त्या दोन खाचा जोडणाऱ्या काल्पनिक रेषेवर घोडीचे पाय यावेत. तबली गोलाईची असल्याने पाय तिच्या गोलाईत तंतोतंत बसवावे लागतात. कारागीर तबलीवर घोडीच्या जागी बारीक सँडपेपर उलटा ठेवतो, त्यावर घोडी मागे-पुढे घासून पायांना ढोबळ आकार देतो आणि मग सुरीने कण-कण उतरवतो. पायाखाली कुठूनही कागद सरकेनासा झाला की काम झाले. घोडीच्या वरच्या कडेची गोलाई फिंगरबोर्डच्या गोलाईला जुळती असावी. गजाने वाजवणाऱ्याला ती थोडी अधिक लागते, नाहीतर गज शेजारच्या तारेला लागतो. बहुतेक आधुनिक घोड्यांच्या पायांत फिरवायची चाके बसवलेली असतात. ऋतूबरोबर लाकूड फुगते-आकसते आणि तारांची उंची बदलते. चाके असली की ती घरच्या घरी सावरता येते. जुन्या बेसला ही चाके बसवून घेणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते.

तारांची उंची फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी मोजतात. पोलादी तारांवर जाझ वाजवणाऱ्यांना जी तार साधारण 5-6 मिलिमीटर आणि ई तार 8-9 मिलिमीटर उंच चालते. ऑर्केस्ट्रात गजाचा जोर असतो म्हणून थोडी अधिक लागते. आतड्याच्या तारा सैल असतात आणि रुंद झुलतात, त्यामुळे त्या आणखी उंच ठेवाव्या लागतात. नवशिक्याने कमी उंचीपासून सुरुवात करावी आणि हात तयार झाल्यावर हळूहळू वाढवावी. उंच तारांतून आवाज मोठा निघतो हे खरे, पण तो काढण्याइतका हात आधी तयार व्हायला हवा.

बेसच्या पोटात, बारीक तारांच्या बाजूच्या घोडीच्या पायाच्या किंचित खाली, स्प्रूसचा एक गोल खुंट उभा असतो. हाच साउंडपोस्ट. जाडी साधारण 18-19 मिलिमीटर. तबली आणि पाठ यांच्यामध्ये तो नुसता अडकवलेला असतो, गोंद लावलेला नसतो. तार वाजली की घोडी डोलते; साउंडपोस्टमुळे तिचा एक पाय जवळपास स्थिर राहतो आणि दुसरा पाय बेसबारसह तबलीला वरखाली ढकलतो. बेसचा आवाज त्या हालचालीतून येतो. साउंडपोस्ट घोडीच्या पायाच्या जवळ आणला की सूर घट्ट आणि नेमका होतो, दूर नेला की मोकळा आणि गडद. हे फरक एक-दोन मिलिमीटरचे असतात. त्यासाठी एफ-होलमधून आत जाणारी वाकडी पोलादी सळई, छोटा आरसा आणि बराच सराव लागतो. घरी हा प्रयोग करू नये. साउंडपोस्टची वरची-खालची टोके तबलीच्या आणि पाठीच्या उतारावर नीट बसलेली नसतील तर तो तबलीला आतून खड्डा पाडतो.

यातूनच जुन्या बेसच्या मालकासाठी एक पक्का नियम निघतो: चारही तारा एकाच वेळी कधीही काढू नयेत. दाब गेला की साउंडपोस्ट पडतो आणि घोडीची जागा हरवते. एक तार काढावी, तिच्या जागी नवी लावावी, सुरात आणावी, मग दुसरी. तारा ताणताना घोडीचा वरचा भाग फिंगरबोर्डकडे ओढला जातो. टेलपीसकडची तिची बाजू तबलीशी काटकोनात आहे ना हे दर थोड्या वेळाने पाहावे आणि झुकली असेल तर दोन्ही हातांनी धरून हळूच सरळ करावी. घोडी पडली तर ती तबलीवर टेलपीस आपटवूनच पडते.

टेलपीस खालच्या कडेशी एका तारेने बांधलेला असतो. जुन्या बेसवर ती तार बहुधा जाड आणि ताठ असते; तिच्या जागी पातळ, लवचीक केबल लावली की सूर मोकळा होतो. त्या मानाने हे काम स्वस्त आहे. एंडपिन म्हणजे खालची पाय देणारी दांडी. जुनी असेल तर ती आत खुळखुळते. जाड दांडी आणि रबरी टोक लावून घ्यावे.

सगळे झाल्यावरही एखादा सूर वाजवला की कुठून तरी खडखड येते. जुन्या बेसचे हे नेहमीचे दुखणे. तो सूर वाजत ठेवून दुसऱ्या माणसाने एकेक भाग हाताने दाबत जायचे: खुंटीचे बटण, खुंट्यांचे स्क्रू, घोडीची चाके, एंडपिनचा कॉलर, एफ-होलच्या कडा, टेलपीस. दाबल्यावर आवाज थांबला की दोषी सापडला. कधी कधी आत साचलेला धुळीचा गोळा किंवा वर्षांपूर्वी एफ-होलमधून पडलेले नाणे हेच कारण असते.

तारांची निवड हा बेसवाल्यांचा न संपणारा वाद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मेंढीच्या आतड्याच्या तारा म्हणजे तात हाच नियम होता. खालच्या तारांवर धातूचा वेढा असे. 1950-60च्या दशकांत पोलादी तारा पसरल्या. व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या स्पायरोकोर तारा जाझमध्ये आजही सर्रास दिसतात: सूर लांब टिकतो, लखलखीत असतो. सत्तर वर्षांच्या मानेवर मात्र या तारांचा कमी ताणाचा प्रकार लावणे शहाणपणाचे. गज आणि बोट दोन्हींसाठी एकच संच हवा असेल तर कृत्रिम गाभ्याच्या, म्हणजे पिरास्त्रोच्या ओब्लिगातोसारख्या तारा चांगल्या. तात आजही स्लॅप, म्हणजे तारा फिंगरबोर्डवर आपटून, वाजवणाऱ्यांची आवडती आहे, पण तिला हवेतला ओलावा पटकन लागतो आणि ती सुरातून उतरते.

ओलाव्याचा प्रश्न मुंबई आणि गोव्यात अधिक तीव्र आहे. इथे हे वाद्य परके नाही. ताजमहाल हॉटेलातल्या जाझ बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गोव्याच्या वादकांनी डबल बेस दशकानुदशके वाजवला. 2006 मध्ये मुंबईत एनसीपीएत सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातही बेसचा ताफा आहे. लाकडी वाद्याला साधारण 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात ती महिनोन्महिने याच्या बरीच वर असते. सरस मऊ पडतो, जोड उघडतात, तबली फुगून तारा वर येतात, कापडी पिशवीत ठेवलेल्या बेसला बुरशी लागते. अशा हवेत प्लायवुडचा बेस कोरीव बेसपेक्षा कमी त्रास देतो. तो भिंतीला लावून न ठेवता खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, हवा खेळती राहील असा ठेवावा. एसीच्या झोताखाली किंवा उन्हात ठेवू नये. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांची अडचण उलटी: हिवाळ्यात घर तापवले की हवा कोरडी पडते आणि ह्युमिडिफायर लावावा लागतो.

वाजवायला उभे राहण्याआधी एंडपिनची उंची ठरवावी. सर्वसाधारणपणे नट कपाळाच्या किंवा भुवयांच्या पातळीत यावा. बेसची मागची कड पोटाला आणि डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकते. डावा हात पूर्ण सोडला तरी बेस उभा राहिला पाहिजे. डाव्या अंगठ्याने मान तोलून धरण्याची सवय लागली तर पुढे जलद वाजवता येत नाही आणि अंगठा दुखतो तो वेगळाच. उंच स्टुलावर बसूनही वाजवता येते; ऑर्केस्ट्रात अनेक जण तसेच वाजवतात.

बेसवर पडदे नसतात. खालच्या जागांवर डाव्या हाताच्या पहिल्या आणि चौथ्या बोटांत एका पूर्ण सुराचे अंतर असते. दुसरे बोट मधला अर्धा सूर धरते आणि तिसरे चौथ्याला आधार देते. व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत पुस्तकात बांधून दिली आणि आजही बहुतेक विद्यार्थी तिनेच सुरुवात करतात. तारा जुळवण्यासाठी हार्मोनिकची पद्धत उत्तम: खालच्या तारेला नटपासून एक-चतुर्थांश लांबीवर आणि तिच्या वरच्या तारेला एक-तृतीयांश लांबीवर बोट नुसते टेकवून छेडायचे. दोन्ही सूर एकच निघाले पाहिजेत. ए तारेवर 220 कंपने निघतात, डी तारेवरही 220. दोन सुरांत लाटा ऐकू आल्या तर तार अजून जुळलेली नाही.

बोटाने वाजवताना उजव्या तर्जनीची बाजू वापरावी, टोक नव्हे. अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकवून हाताचे वजन तारेवरून ओढावे. बोटाने नुसते टोचल्यास सूर किरटा येतो. पहिल्या काही आठवड्यांत फोड येतात, म्हणून सुरुवातीला सराव थोडा थोडाच करावा. जाझच शिकायचे असले तरी गज लवकर हातात घ्यावा. बोटाने छेडलेला सूर मिटण्याआधी त्यातली चूक ऐकून पकडणे अवघड असते. गजाच्या लांब सुरात ती लपत नाही. जाझ बेसवादक पॉल चेंबर्सचे गजाने वाजवलेले सोलो ऐकले तर जाझमध्ये गजाला किती जागा आहे ते कळते. गज दोन जातींचे: फ्रेंच गज वरून धरतात, जर्मन खालून. शिक्षकाकडे ज्या जातीचा असेल तोच घ्यावा. बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते; ती थोडीच लावावी आणि वाजवून झाल्यावर तारांवरची पूड कापडाने पुसून टाकावी.

हातात असलेल्या रकमेचा मोठा हिस्सा सेटअपसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा आणि उरलेल्या रकमेतच बेस शोधावा. शक्यतो सौदा पक्का करण्यापूर्वी एखाद्या कारागिराला किंवा अनुभवी वादकाला बेस दाखवावा. मान आणि बेसबार ठीक असतील तर बाकी सगळे जागेवर येते.

एखाद्या चर्चच्या माडीवर, जुन्या क्लबच्या कोठीत किंवा घराच्या अडगळीत असा बेस आढळला तर तो लगेच पुसायला किंवा सुरात लावायला घेऊ नये. साउंडपोस्ट उभा आहे का ते आधी एफ-होलमधून पाहावे. तो पडलेला असेल तर तारा ताणल्या की तबली खचते, म्हणून त्या लगेच सैल कराव्यात. बेस एका बाजूवर आडवा ठेवावा, घोडीवर कधीही नाही. आजूबाजूला सापडलेली लाकडाची प्रत्येक चकती, तुटका पाय किंवा ढलपी पाकिटात घालून बेसबरोबरच ठेवावी. मूळ लाकडाचा तुकडा हाती असला की कारागिराचे काम सोपे होते आणि दुरुस्ती दिसूनही येत नाही.